तळपायांच्या आगीबद्दल

मिरज

प्रिय दत्ता,
स. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. ‘गोळ्यांनीच पाय जाळलेत, आता त्याच बंद करतो’ असं लिहिलंयस, म्हणून लगेच लिहायला बसलो. डॉक्टरांशी बोलेपर्यंत एकही गोळी चुकवू नकोस. सोडल्या की एचआयव्हीचा विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, आणि धरसोड केली तर तो औषधाला दाद देईनासा होतो.

तुझी रात्र कशी जात असेल ते मला कळतं. २००४ च्या एप्रिलमध्ये सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू केली, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला मी पेशंट. तेव्हा स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरापीन मिळायचं. त्या गोळ्यांनी मला जगवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना स्टॅव्ह्युडीनमुळे इजा व्हायची. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब, म्हणून पहिला फटका तिथे. आधी मुंग्या, मग अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांची आग. चादरीचा स्पर्शही सोसायचा नाही. गाल बसले ते वेगळंच; नुसत्या चेहऱ्यावरून लोक तर्क करायचे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं. माझंही बदललं. आग पुष्कळ कमी झाली, बोटांचा बधिरपणा मात्र राहिला तो राहिलाच. नसांना फार इजा होण्याआधी कारण दूर झालं तर त्या बऱ्याच सावरतात, म्हणून तुझ्यामागे एवढी घाई लावतोय.

तुझी गोळी वेगळी आहे रे. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या तिघांच्या एकत्र गोळीने नसांचा असा त्रास क्वचितच होतो. मला संशय येतो तो टीबी होऊ नये म्हणून सुरू केलेल्या आयसोनियाझिडचा. त्याने शरीरातलं बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं आणि नसा दुखावतात, म्हणून सोबत पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ चीच, छोटी गोळी देतात. ती तुला दिली का? की घरी डब्यातच पडून आहे? आणि जास्त बरं वाटेल म्हणून मेडिकलमधून बी-६ च्या मोठ्या डोसाच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नकोस, त्याच्या अतिरेकानेही नसा बिघडतात.

शिवाय तुला शुगर आहे. पाय जळायला ती एकटीही पुरते. त्यात शुगरचं औषध मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ उतरतं. रात्रीची दारू आहेच, दत्ता, ती नसांना सरळ मारते. खुद्द एचआयव्हीनेही हे होतं. कारण कोणतं ते घरी बसून ना तुला ठरवता येईल ना मला. एआरटी सेंटरवर जा, आग कधीपासून, कुठवर चढली ते सांग, शुगर आणि बी-१२ तपासून घे. सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून ने.

दुखणं थांबवायला गॅबापेन्टिन किंवा प्रीगाबॅलिन देतील. सुरुवातीला गुंगी येते, तेव्हा ट्रॅक्टर चालवू नकोस. मूत्रपिंडाचा रिपोर्टही दाखव, डोस त्यावर ठरतो. बाहेरच्या डॉक्टरकडे गेलास तर एआरटी चालू आहे हे लपवू नकोस. नसांच्या दुखण्यावर कार्बामाझेपिन देतात, त्याने डोल्युटेग्रॅव्हिरचं रक्तातलं प्रमाण घटतं. आपली माहिती गुप्त ठेवण्याचा २०१७ चा कायदा आहे.

तोवर पायांना जप. बधिर पायाला चटका कळत नाही, तेव्हा अंघोळीचं पाणी आधी कोपराने बघ. शेतात अनवाणी जायचं नाही. बोटं न आवळणारी, मऊ एमसीआरची (बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल घे; मी तीच वापरतो. झोपताना वहिनींना तळवे बघायला सांग, काटा रुतलेला असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. पायथ्याशी उशी उभी करून चादर तिच्यावर टाक, पायांवर येऊ देऊ नकोस. गार पाण्यात थोडा वेळ पाय सोडून बसल्यावर मला झोप लागायची.

येत्या सोमवारी जमेल का? येत असशील तर कळव, मी स्टँडवर थांबतो आणि तुझ्याबरोबर सेंटरवर येतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शिवा