बाबांच्या हातात पेन्सिल देणाऱ्या काकांना

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले तर "अगं, एक मॅच तर दाखवली" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे जाहीर पत्र.

बाबा सांगलीहून आमच्याकडे बॉस्टनला आले, तेव्हा आम्ही दोघंही दिवसभर कामावर असायचो. गाडी चालवता येत नाही, ओळखीचं कुणी नाही. चारच्या सुमारास घरी फोन केला की बाबांचा आवाज दिवसभर न बोललेल्या माणसाचा असायचा. तुम्ही हे ओळखलंत आणि त्यांना थेट फेनवे पार्कला, बॉस्टनचा बेसबॉल संघ रेड सॉक्स आणि त्यांचा न्यूयॉर्कचा कट्टर प्रतिस्पर्धी यँकीज यांच्या मॅचला घेऊन गेलात. मलाही सोबत नेलंत.

बेसबॉल समजावताना बहुतेक लोक क्रिकेटपासून सुरुवात करतात आणि पाच मिनिटांत गोंधळ घालतात. तुम्ही तसं केलं नाहीत. स्कोअरकार्ड उघडून बाबांच्या मांडीवर ठेवलंत आणि पेन्सिल दिलीत. प्रत्येक जागेला एक आकडा: चेंडू टाकणारा पिचर १, फलंदाजामागचा कॅचर २, फर्स्ट बेसवाला ३, सेकंड बेसवाला ४, सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्टला गेला आणि दोघं बाद झाले, तर ६-४-३. फलंदाज तीन स्ट्राइक होऊन बाद झाला की स्ट्राइकआउट: शेवटच्या चेंडूला बॅट फिरवून चुकला तर सरळ के (K), तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहिला तर उलटा के. क्लबच्या सामन्यांचं स्कोअरिंग बाबांनी सांगलीत वर्षानुवर्षं केलंय. पहिला उलटा के त्यांनी इतका रेखीव काढला की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून दाद दिली.

डावीकडच्या ३७ फुटी हिरव्या भिंतीतला स्कोअरबोर्ड आजही माणसं हाताने बदलतात, हे कळल्यावर तर बाबा त्या भिंतीवरून नजर हटवेनात.

आणि मग इनिंगच्या मधल्या वेळात तुम्ही सांगितलेली ती हकिगत! रेड सॉक्सना १९१८ नंतर अजिंक्यपद नाही, त्यात त्यांचा महान खेळाडू बेब रूथ यँकीजला विकलेला. २००४ च्या ऑक्टोबरात त्याच यँकीजविरुद्ध, सातपैकी चार सामने जिंकायच्या मालिकेत ०-३ असे मागे, तिसरा सामना तर १९-८ ने गमावलेला. चौथ्या सामन्यात नववी इनिंग, एका रनने मागे आणि समोर यँकीजचा शेवटच्या इनिंगचा हुकमी पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलारला वॉक मिळाला, म्हणजे चार चेंडू बाहेर पडल्याने फर्स्ट बेस फुकटात, त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो सेकंड बेस चोरणार, म्हणजे फटका नसतानाच पळून तो गाठणार, हे अख्ख्या मैदानाला ठाऊक होतं, तरी त्याने चोरलाच. बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून सामना काढला. पुढचे तिन्ही जिंकले. ०-३ वरून मालिका जिंकणारा मेजर लीगमधला तो पहिलाच संघ. ८६ वर्षांनी अजिंक्यपदही आलं. तुम्ही बोटाने सेकंड बेस दाखवत होतात, आणि बाबा "पुढे काय झालं?" म्हणून तुमचा हात ओढत होते. बाबांना असं अधीर झालेलं मी फार दिवसांनी पाहिलं, काका. त्याची किंमत मला ठाऊक आहे.

त्यानंतर बाबा घरात एकटे असे राहिलेच नाहीत. तुमचा फोन, संध्याकाळची मॅच, कोऱ्या वहीत आखलेले चौकोन. आता सांगलीत पहाटे उठून स्कोअर बघतात आणि यँकीज हरले की आधी तुम्हाला कळवतात, मग मला.

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा येताहेत. या वेळी तिकिटं मी काढणार, तुम्ही नाही म्हणायचं नाही. काकूंनाही आणा.

तुमची,
सांगलीकरांची लेक