घरी कॉफी भाजणे : आधी कढई, यंत्र मागाहून

महोदय,

घरच्या घरी कॉफीचे दाणे भाजण्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. विषय आपल्या भागाला तसा नवा आहे आणि तो मांडल्याबद्दल आपले आभार. मात्र नवशिक्याने आधी भाजणीचे विजेवरचे यंत्र घ्यावे, ते कोष्टकात दिलेल्या मिनिटांवर लावावे आणि कॉफी कडक हवी असल्यास दाणा काळाकुट्ट होईपर्यंत भाजावा, असा जो सल्ला त्यात दिला आहे, तो वाचून एखादा हौशी माणूस एक तर यंत्राची किंमत ऐकूनच मागे फिरेल, नाहीतर पहिल्याच दिवशी दाण्यांचा कोळसा करून बसेल. मी निवृत्त विज्ञान शिक्षक असून गेली चार वर्षे सांगलीतल्या आमच्या घरी बिडाच्या कढईत कॉफी भाजतो. त्या अनुभवावरून काही गोष्टी वाचकांसमोर ठेवाव्यात, म्हणून हे पत्र.

माझी पहिली खेप साफ फसली होती. हौसेच्या भरात मी ४०० ग्रॅम कच्चे दाणे एकदम कढईत ओतले आणि शेंगदाणे भाजावेत तसे मधूनमधून उलथने फिरवीत राहिलो. दहा मिनिटांत तळाचे दाणे करपले, वरचे हिरवटच राहिले, आणि घरात इतका धूर कोंडला की शेजारच्या काकू दूध उतू जाऊन जळाले असे समजून धावत आल्या. पुढे कधीतरी चिरमुऱ्याच्या भट्टीवर गेलो असताना तिथल्या वयस्कर भडभुंज्याला हे सांगितले. त्याने कॉफी कधी भाजलेली नव्हती, पण कढई किती मोठी, दाणा किती आणि जाळ कसा, एवढे विचारून तो म्हणाला, “मास्तर, दाणा थांबला की जळला. थोडा घ्या, हालता ठेवा, आन् कान उघडा ठेवा की.” लेखातल्या साऱ्या कोष्टकापेक्षा मला या तीन सूचना अधिक उपयोगी पडल्या.

थोडा म्हणजे किती, तर घरच्या कढईला १०० ग्रॅम पुरे. दाण्यांचा थर एकेरी राहिला पाहिजे. कढई बिडाची किंवा जाड लोखंडाची असावी. नॉनस्टिक भांडे मात्र मुळीच वापरू नये, कारण कोरडे तापवलेले भांडे पाहता पाहता २६० अंशांच्या पुढे जाते आणि तिथून त्याचा लेप खराब होऊन घातक वाफा सुटू लागतात. कढई आधी मध्यम आचेवर तापवून घ्यावी, मग दाणे टाकावेत आणि लाकडी उलथन्याने न थांबता हलवत राहावे. खिडकी उघडी आणि पंखा बाहेर हवा फेकणारा हवा, शेजारी झाकण तयार हवे; भाजणी चालू असताना फोन आला तर तो वाजू द्यावा.

कच्च्या दाण्यात साधारण दहा ते बारा टक्के पाणी असते आणि पहिली चार-पाच मिनिटे ते घालवण्यातच जातात. या काळात दाणा हिरव्याचा पिवळट होतो आणि ओल्या गवतासारखा वास येतो. नवशिक्याला इथे वाटते की काहीच घडत नाही आणि तो आच वाढवतो. माझे दाणे बाहेरून करपून आत कच्चे राहिले ते याच चुकीने. पुढे वास पालटून भाजलेल्या पावासारखा होतो, रंग बदामी होत जातो आणि दाण्यावरची पातळ फोलपटे सुटून कढईत उडू लागतात. दाण्याचा रंग दालचिनीसारखा झाला की मी आच थोडी कमी करतो, कारण यापुढे दाणा नुसती उष्णता घेत नाही, स्वतःही सोडू लागतो आणि हातातून निसटतो. मग मक्याची लाही फुटावी तसा पहिला ठसठशीत आवाज येतो, त्यामागोमाग दुसरा, आणि पाहता पाहता सगळी कढई तडतडू लागते. दाण्याचे तापमान तेव्हा १९५ ते २०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. आत कोंडलेली वाफ आणि वायू दाण्याला फोडून बाहेर पडतात आणि दाणा फुगतो. हा पहिला तडका. तो ओसरल्यावर काही काळ शांतता असते आणि मग साधारण २२५ अंशांच्या आसपास दुसरा तडका सुरू होतो, बारीक, घाईचा, फोडणीतल्या मोहरीसारखा. या दोन तडक्यांच्या मधल्या शांततेत कुठे थांबायचे, यावर कॉफीची चव ठरते. माझ्या कढईत पहिला तडका कधी नवव्या मिनिटाला येतो, कधी अकराव्या. थंडीत आणखी उशिरा. म्हणूनच मिनिटांचे कोष्टक दुसऱ्याच्या चुलीवर चालत नाही.

जितकी काळी तितकी कडक, हा समज आपल्या लेखातही आला आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. भाजताना कॅफीन फारसे उडतही नाही आणि वाढतही नाही. काळ्या दाण्याचा जो कडकपणा जिभेला जाणवतो, तो करपल्याचा कडवटपणा असतो. तरतरी अधिक हवी असेल तर रोबस्टा जातीचा दाणा घ्यावा, त्यात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते. मात्र थालीपिठाच्या भाजणीला आपल्याकडे जशी प्रत्येक धान्याची वेगळी भाजणी होते, तसेच अरेबिका आणि रोबस्टा वेगवेगळे भाजून मागाहून मिसळावेत, कारण दोन्ही दाणे सारख्या वेगाने भाजत नाहीत. माझ्या पत्नीला जायफळ घातलेली दुधाची कॉफी लागते. तिच्यासाठी मी दुसऱ्या तडक्याच्या तोंडाशी थांबतो, कारण फिकट भाजलेली आंबूस कॉफी दुधात बरी लागत नाही.

गॅस बंद केला म्हणजे काम संपले असेही नाही. दाण्याच्या अंगची धग त्याला पुढे भाजतच राहते, म्हणून दाणे तत्काळ दोन चाळण्यांतून पंख्यासमोर खालीवर करून तीन-चार मिनिटांत गार करावेत. सुपात घेऊन पाखडले की फोलपटेही निघून जातात. हे काम अंगणात किंवा गच्चीवर करावे, नाहीतर घरातल्या माणसांचा पुढच्या खेपेला विरोध होतो. नंतर दाणे परातीत पसरून पाहावेत. सगळे तपकिरी झालेले असताना काही फिकटच राहतात. ते झाडावर न पिकलेल्या फळांचे असतात आणि कॉफीत शेंगांच्या टरफलांची चव आणतात, तेवढे वेचून टाकावेत. शेवटी वजन करावे. १०० ग्रॅमचे ८४ ते ८६ भरले तर भाजणी मध्यम झाली, ८० च्या आसपास आले तर बरीच पुढे गेली. ताज्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणून किमान एक दिवस तरी कॉफी करू नये. आमच्या साध्या पितळी फिल्टरला तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती सर्वांत चांगली उतरते.

आता दाण्यांविषयी, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकात पिकते आणि चिकमंगळूरचा मुलूख आपल्याला काही परका नाही. मिरजेहून बंगळूरला जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस बिरूरवरूनच जाते आणि तिथून चिकमंगळूरचा डोंगर जवळ आहे. १९९० च्या दशकापर्यंत बागायतदाराला आपली कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या हवाली करावी लागे. आता तो ती कोणालाही विकू शकतो. असे असून मी सांगलीच्या गणपती पेठेत विचारत हिंडलो तेव्हा बहुतेक ठिकाणी चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ, मिसळलेली पूड पुढे करण्यात आली. चिकोरीला माझी हरकत नाही. असे मिश्रण विकायला कायद्याने मुभा आहे, फक्त त्यात किमान ५१ टक्के कॉफी हवी आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले हवे. एका दुकानात कच्चे दाणे मिळाले, पण ते पांढुरके पडलेले होते, वास गोणपाटाचा होता आणि कोणत्या हंगामाचे, याचे उत्तर विक्रेत्याकडे नव्हते. कितीही जपून भाजले तरी त्या दाण्यांची कॉफी बेचवच झाली. कच्चा दाणा कोरड्या जागी वर्षभर चांगला राहतो, त्यापुढे त्याचा भरवसा नाही. भाजलेला दाणा तीन-चार आठवडे आणि पूड तर जेमतेम काही दिवस.

तेव्हा आपल्या पुरवणीतून दोन गोष्टी व्हाव्यात, अशी विनंती आहे. काळ्या दाण्याविषयीचे विधान दुरुस्त करावे, आणि यंत्रांच्या किमतींची चौकट पुन्हा छापण्याऐवजी सांगली-मिरजेतल्या किराणा व्यापाऱ्यांना कच्च्या दाण्यांच्या पोत्यावर हंगामाचे वर्ष आणि भाजलेल्या दाण्यांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख लिहिण्याचे आवाहन करावे. बेदाणा नवा की जुना, हे आपल्याकडचा व्यापारी मुठीत घेऊन सांगतो; कॉफीच्या दाण्याचे वय सांगणे त्याला अवघड जाऊ नये.

आपला,
एक वाचक
गावभाग, सांगली