युगुलगीत पडतं ते पट्टीमुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या दिवसांत मालवण-वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत वाडीवाडीत कराओके स्पर्धा लागतात. त्यातला युगुलगीतांचा गट हमखास बेसूर होतो आणि परीक्षक 'सराव कमी पडला' म्हणून मोकळे होतात. खरी खोट बहुतेक वेळा 'मूळ ट्रॅकवरच गा' या नियमात असते. तयार ट्रॅकवर दोघांनाही एकाच पट्टीत, म्हणजे पेटीवरचा एकच सूर सा धरून, गावं लागतं.

1983 सालचं एक अमेरिकन कंट्री गाणं इथे बघण्यासारखं आहे. केनी रॉजर्स आणि डॉली पार्टनचं 'आयलंड्स इन द स्ट्रीम'. ते लिहिलं 'बी जीज' या बँडच्या तिघा गिब भावांनी. रॉजर्स आधी ते एकटाच गात होता. चार दिवस गाऊनही त्याला ते पटेना, तेव्हा बॅरी गिब म्हणाला, याला डॉली पाहिजे. ती आली नि गाणं उभं राहिलं. त्या वर्षी बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत आणि कंट्रीच्या यादीतही ते पहिलं आलं.

पण नुसती डॉली येऊन भागलं नसतं. रॉजर्सचं कडवं पांढरी एकमध्ये आहे, म्हणजे पेटीची पहिली पांढरी त्याचा सा. डॉलीचं सुरू होताच पट्टी काळी चार होते. आपल्याकडे सुगम गाणाऱ्या बायकांची नेहमीची पट्टी काळी चार-पाचच, पुरुषांची पांढरी एक ते पांढरी दोन. म्हणजे दोघंही आपापल्या घरात गातात. एकाच पट्टीत दोघांना कोंबलं की एकाचा खर्ज (खालचे सूर) ऐकू येत नाही, नाहीतर दुसऱ्याचा तार (वरचे सूर) चिरकतो.

हे आपल्या मांडवात सहज जमतं. पेटीवाल्याने हात सरकवला की झालं. कीबोर्डवर ट्रान्सपोज (पट्टी बदलायची सोय) उणे चार करायचं, पण कडव्यांमधल्या संगीतात, आणि सूर लांबवणाऱ्या पेडलवरचा पाय उचलून. नाहीतर जुन्या पट्टीचे सूर नव्यात घुमत राहतात. तबलजीला मात्र काहीच करावं लागत नाही. दायाँ (उजव्या हाताचा तबला) पांढरी एकला लावलेला असेल तर तोच सूर काळी चारचा शुद्ध गंधार (ग) होतो आणि गाण्यात बसतो. फक्त भाद्रपदातल्या दमट हवेत पुडी (तबल्याचं चामडं) सैलावते, तेव्हा गाणं सुरू होण्याआधी गजरा (पुडीच्या कडेची वेणी) ठोकून सूर पुन्हा बघावा.

एकत्र गायच्या ओळींत खरी फसगत होते. खालचा आवाज सा लावतो तेव्हा वरचा ग, तो रे लावतो तेव्हा म असा चालतो. पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून सा ते ग चार बटणांचं अंतर, रे ते म तीनच. सगळीकडे चार धरले की मध्यम (म) एक बटण वर जाऊन तीव्र होतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते कळत नाही. म्हणून वरची ओळ मोबाइलवर वेगळी रेकॉर्ड करून, स्वतंत्र चाल समजून पाठ करावी. जोडीदाराबरोबर लगेच बसलं तर तिसऱ्या ओळीपर्यंत माणूस मूळ चालीवर घसरतोच.

तयार ट्रॅकची पट्टी वर-खाली करणं हा अर्धा उपाय. दोन बटणांपर्यंत खपतं, त्यापुढे ड्रम पत्र्यासारखे वाजतात.

मंडळांनी यंदा निदान युगुलगीतांच्या गटात जिवंत पेटी-तबल्याला आणि दोन पट्ट्यांना मुभा द्यावी, आणि तसं स्पर्धेच्या फलकावर आधीच लिहावं.

आपले,
काही साथीदार वादक, कुडाळ