कुंभार्ली घाट उतरायला शिकवणाऱ्या एसटीच्या चालककाकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र आपल्या घरी येऊन हातात देता आले असते; परंतु एसटीच्या चालकांनी उभी हयात घाटरस्त्यांवर घालवून जी विद्या मिळवलेली असते, तिच्याविषयी चारचौघांत फारसे कोणी बोलत नाही, म्हणून आपले आभार सर्वांसमक्ष मानावेत असे मनात आले. आपले नाव मी लिहिलेले नाही, कारण ते आपल्याला रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

नोकरीमुळे मी कऱ्हाडला, आई-वडील गुहागरला आणि मध्ये कुंभार्ली घाट, अशी माझी स्थिती होती. गाडी मी शहरात रोज चालवत होते, पण घाटाची धास्ती होती आणि त्या धास्तीपायी माझे माहेरी जाणे कोणाच्या ना कोणाच्या सवडीवर अवलंबून राहत असे. आपण एकदा शेजारी बसावे एवढीच माझी विनंती होती. आपण मात्र माझ्या मनातली भीती पुरती जाईपर्यंत येत राहिलात आणि मोबदल्याचा विषय काढला तेव्हा काकूंसाठी ओल्या काजूगरांपलीकडे काही घेतले नाहीत.

शिकवणीची सुरुवात आपण उतारापासून केलीत. चढणीला गाडी आपली आपण थांबते, उताराला ती आपल्याला थांबवावी लागते, म्हणून आधी उतरायला शीक, असे आपले म्हणणे होते. घाटमाथ्यावर चहा झाला आणि उतार लागण्याआधीच आपण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायला लावलीत. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे वाक्य मी पूर्वी अनेकांकडून ऐकले होते; त्यामागचे कारण मला आपल्याकडून समजले. खालच्या गिअरमध्ये गाडीचा वेग इंजिनच आवरून धरते आणि ब्रेक वळणापुरता राखून ठेवता येतो. याउलट जो सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, त्याचे ब्रेक तापत जातात, ब्रेकचे तेल उकळू लागले की पेडल मऊ पडते आणि नेमक्या अवघड वळणावर पायाखाली काही लागत नाही. इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतरणाऱ्यांचा तर आपल्याला मनस्वी राग, कारण इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि स्टिअरिंगही जड होते. घाटाच्या पायथ्याशी पोफळीला पोहोचल्यावर आपण मला खाली उतरवून पुढच्या चाकाच्या रिमजवळ हात न्यायला सांगितलात. रिम कोमट होती. शेजारीच घाट उतरून आलेली दुसरी एक मोटार उभी होती, तिच्या चाकांपाशी ब्रेकच्या जळक्या लायनिंगचा वास येत होता आणि तिथे हात नेववत नव्हता. त्यानंतर आपल्याला त्या विषयावर अधिक काही सांगावे लागले नाही.

अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम केंद्र सरकारच्या १९८९च्या रस्ता नियमावलीत होता आणि तिच्या जागी आलेल्या २०१७च्या नियमावलीतही आहे. परंतु ज्यांच्याकडे वाहन चालवण्याचा परवाना आहे, त्यांच्यापैकी किती जण तो पाळतात, हे घाटात उभे राहिले की दिसते. भरलेला ट्रक चढणीवर थांबला तर त्याला पुन्हा उचलायला काय कष्ट पडतात हे आपण स्टिअरिंगवर बसून भोगलेले, म्हणून समोरून ट्रक दिसताच आपण मला साइडपट्टीपाशी थांबायला लावायचात. ट्रकवाला जाताना हात वर करायचा आणि आपणही करायचात. त्या एका हाताच्या खुणेत मला जुन्या रस्त्याचे सगळे शिष्टाचार दिसतात: वळणाआधीचा एकच आखूड हॉर्न, रात्री समोरच्याला दिलेला डिपर, दरड आली असेल तर खिडकीतून हात काढून दिलेला इशारा. हे कोणी शिकवणीच्या वर्गात शिकवत नाही.

धुक्यात पुढचे वळण दिसत नसेल तर कठड्याची ओळ कुठे वळते ते पाहावे, रात्री समोरच्या गाडीचे दिवे दिसण्याआधी झाडांवर पडणारा त्यांचा उजेड पाहावा, ऊस हंगामात मल्हारपेठेच्या पुढे ट्रॅक्टर दिसला तर त्याच्यामागे एक नव्हे, दोन ट्रॉल्या आहेत असे समजूनच ओव्हरटेकचा हिशेब करावा आणि ट्रॅक्टरवर गाणी वाजत असतील तर आपला हॉर्न त्याला ऐकू गेला असे कधीही गृहीत धरू नये, या आपल्या सूचना मी आता इतरांनाही सांगत असते.

तथापि ज्यासाठी मी आपली सर्वाधिक ऋणी आहे, ती गोष्ट याच्या पलीकडची आहे. भीती गेल्यावर मला रस्ता दिसू लागला. पूर्वी गुहागर ते कऱ्हाड म्हणजे जीव मुठीत धरून संपवायचे अंतर होते. आता त्या रस्त्यावर काय काय आहे ते मला कळते. हेळवाकपाशी महाबळेश्वराकडून दक्षिणेला येणारी कोयना पूर्वेकडे वळते, आणि तिथून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापर्यंत रस्ता तिच्याच खोऱ्यातून जातो; तिथे ती कृष्णेला मिळून पुढे बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच नदीचे धरणात अडवलेले पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला आणून त्याची वीज केली जाते आणि पुढे ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. एकाच नदीचे पाणी घाटाच्या दोन्ही अंगांनी दोन समुद्रांकडे जाते, हे पुस्तकात वाचता येते. परंतु स्वतः गाडी चालवत हेळवाकहून घाटमाथा ओलांडून पोफळीला उतरताना ते अंगाला समजते. कानात दडे बसतात, हवा दमट होते, काचेवर बाष्प धरते आणि कोकण आल्याचे पाटी वाचण्याआधीच कळते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तो मी पाहिला आहे आणि त्याची गरज मला मान्य आहे. ज्याला रुग्णालय गाठायचे आहे किंवा माल पोहोचवायचा आहे, त्याला असाच रस्ता हवा. मला स्वतःला मात्र गावातून जाणारा रस्ता अधिक प्रिय आहे. पाटणला बाजार असेल तर तिथे गाडी हळू करावीच लागते. कऱ्हाडजवळ गुऱ्हाळे सुरू झाली की काचा खाली कराव्याशा वाटतात. एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या बायांच्या हातातील पिशव्यांवरून त्या माहेरी निघाल्या आहेत की बाजाराला, हे ओळखता येते. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६६ ई म्हणून ओळखला जातो. हिरव्या माथ्याचे मैलाचे दगड राज्यमार्गाचे आणि पिवळ्या माथ्याचे राष्ट्रीय महामार्गाचे, हेही मला आपणच दाखवलेत. रुंदीकरण व्हायला हवेच, कारण घाटात माणसे मरता कामा नयेत. परंतु रुंदीकरण करताना रस्त्याकडेचे वड आणि चिंचा वाचवण्याचा आग्रह आपल्यासारख्यांनी आणि आम्हीही धरला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

काका, आपण दिलेल्या शिकवणीमुळे गेल्या पावसाळ्यात वडिलांना तपासणीसाठी कऱ्हाडला आणताना मला कोणाची वाट पाहावी लागली नाही. आई पुढच्या सीटवर बसली होती आणि घाटात तिने एकदाही दाराची कडी घट्ट धरली नाही. आपल्याला हे कळावे, अशी तिचीही इच्छा होती.

आपल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट पार पडल्याचे काकूंकडून समजले. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली, की हा रस्ता मला शेवटपर्यंत, म्हणजे कऱ्हाडहून विटा आणि जतमार्गे थेट विजापूरपर्यंत न्यायचा आहे. या रस्त्याने कऱ्हाडच्या पलीकडे मी अद्याप गेलेले नाही आणि तिकडच्या माळरानावरचे सरळ रस्ते घाटापेक्षा अधिक झोप आणतात, असे आपणच म्हणाला होतात. काकूंना गोलघुमट पाहायचा आहे. पहाटे निघू, दिवस आपण ठरवावा.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी