दगडावरचे साल आणि दप्तरातले साल

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पूर्वजांविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. अमेरिकेच्या वसाहतकाळातील एखाद्या घराण्याची हकीकत मराठीत इतक्या विस्ताराने क्वचितच छापली जाते, म्हणून लेखकाचे आधी मनापासून आभार. मात्र त्यातील दोन विधानांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. बेंजामिनचे वडील जोसाया फ्रँकलिन यांचा जन्म १६५५ साली झाला, हे पहिले विधान. आणि आज फ्रँकलिन आडनाव लावणारी अनेक अमेरिकी कुटुंबे बेंजामिनची थेट वंशज आहेत, हे दुसरे. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे अशी विधाने कोणत्या वाटेने छापली जातात याची मला थोडी कल्पना आहे, आणि त्या चुका मी स्वतःही केलेल्या आहेत.

१६५५ हे साल लेखकाने कल्पनेने लिहिलेले नाही. बोस्टनच्या ग्रॅनरी कबरस्थानात जोसाया आणि त्यांची पत्नी अबाया यांच्या समाधीवरील लेखात तेच आहे : जन्म १६५५, मृत्यू १७४४, वय ८९. हा मजकूर अन्य कोणी नव्हे, तर खुद्द बेंजामिनने १७५२ साली आई वारल्यानंतर लिहून दगडावर कोरवून घेतला. मुलाने बापाच्या समाधीवर कोरलेल्या सालाहून अधिक विश्वसनीय काय असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु जोसाया ज्या गावी जन्मले त्या इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील एक्टन गावाच्या नोंदीप्रमाणे त्यांचा जन्म २३ डिसेंबर १६५७ रोजी झाला. म्हणजे मृत्यूच्या वेळी त्यांचे वय ८९ नव्हे, ८७ होते. नोंद जन्माच्या वेळची आहे, दगड जवळजवळ शंभर वर्षांनंतरचा आहे, आणि तो लिहिणाऱ्याने बापाचा जन्म पाहिलेला नव्हता. अस्सल पत्र आणि मागाहून रचलेली बखर यांत फरक करायला आपल्याकडच्या इतिहास संशोधकांनी शिकवले, तोच हा फरक आहे. दगड कितीही जड असला तरी जन्मसालापुरता तो बखरीच्याच जातीचा ठरतो.

शिवाय आज तिथे दिसतो तो दगड मूळचा नाहीच. मूळ दगड झिजल्यामुळे १८२७ साली बोस्टनच्या नागरिकांनी त्या जागी ग्रॅनाइटचा उंच स्तंभ उभारला आणि जुना मजकूर त्यावर पुन्हा घेतला. म्हणजे आपण वाचतो ती नक्कल आहे. मुलीकडे गेलो असताना मी तो स्तंभ पाहिला. त्यावर फ्रँकलिन हे नाव इतके ठळक आहे की पुष्कळ प्रवासी ती बेंजामिनचीच समाधी समजून छायाचित्रे काढत होते. बेंजामिन १७९० साली वारला आणि त्याची समाधी फिलाडेल्फियातील क्राइस्ट चर्चच्या कबरस्थानात आहे.

या प्रकरणातला खरा गमतीचा भाग असा, की बेंजामिनने स्वतः आपल्या पूर्वजांचा शोध घेतला होता आणि त्या काळच्या मानाने तो फार शिस्तीने घेतला होता. १७५८ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमध्ये मुक्काम असताना, मुलगा विल्यमला बरोबर घेऊन तो एक्टनला गेला. आधी वेलिंगबरो येथे थोरल्या काकांची वृद्ध मुलगी मेरी फिशर हिला भेटून त्याने तिच्याकडून घराण्याच्या आठवणी ऐकल्या, आणि मग एक्टनच्या चर्चमध्ये जाऊन दोनशे वर्षे मागे जाणारी जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंदवही पाहिली. आधी घरातील वडीलधाऱ्यांना विचारायचे आणि मग दप्तर उघडायचे, हा क्रम आजही बदललेला नाही. त्या वहीवरून त्याच्या ध्यानात आले, की मागच्या पाच पिढ्या तो धाकट्या मुलाचा धाकटा मुलगा असा चालत आला आहे. घराण्याकडे सुमारे तीस एकरांची स्वतःची जमीन होती आणि जोडीला लोहारकाम. थोरल्या मुलाने भाता सांभाळायचा, अशी रीत होती. धाकट्यांना दुसरा धंदा शोधावा लागे. जोसाया बॅनबरी येथे भावाच्या हाताखाली रंगारी झाले, आणि धर्ममतांच्या जाचामुळे बायको व तीन मुलांसह समुद्र ओलांडून बोस्टनला आले. तिथे रंगाऱ्याला काम नव्हते, म्हणून त्यांनी चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करण्याचा धंदा धरला. एक घराणे वसाहतीत का गेले हे सांगायला ही धाकटेपणाची हकीकत मला कोणत्याही मोठ्या कारणापेक्षा अधिक पटते.

एवढा शोध घेऊनही १७७१ साली आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हा बेंजामिनने वडिलांचे वय पुन्हा ८९ असेच लिहिले. त्यात त्याने एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली आहे : आपले कागद जवळ नाहीत, दूर आहेत, आणि जेवढे आठवते तेवढे सांगतो आहे. आजच्या लेखकांनी त्याचे वाक्य उतरवून घेतले, पण ही कबुली तेवढी गाळली. वडील अमेरिकेला गेले ते साल त्याने सुमारे १६८२ असे दिले आहे; अभ्यासक मात्र १६८३ धरतात. ज्याने नोंदवही डोळ्यांनी पाहिली त्याची स्मृतीही दोनेक वर्षांनी घसरत असेल, तर संगणकावर तयार मिळणाऱ्या वंशवृक्षांतील सालांवर आपण किती विसंबावे, हे वाचकांनीच ठरवावे.

सालांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा वसाहतकाळात नेहमी भेटतो. १७५२ पर्यंत इंग्लंडात आणि त्याच्या वसाहतींत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च या काळातील घटना जुन्या गणनेने आदल्या वर्षात पडतात. जोसाया जानेवारी महिन्यात वारले. दगडावर १७४४ आहे आणि आपल्या हिशेबाने ते १७४५ होते. दोन्ही बरोबर आहेत. बेंजामिनचा जन्म तेव्हाच्या पंचांगाने ६ जानेवारीचा आणि अकरा दिवस पुढे असलेल्या आताच्या पंचांगाने १७ जानेवारी १७०६ चा. शालिवाहन शक आणि इसवी सन यांचा मेळ घालताना ज्याने एकदा तरी वर्ष चुकवले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. चूक तेव्हा होते, जेव्हा वंशवृक्ष करणारा १७४४ आणि १७४५ ही दोन साले पाहून जोसाया नावाची दोन माणसे उभी करतो.

नावांमुळेही तसेच होते. जोसायांना दोन बायकांपासून सतरा मुले झाली. पहिली पत्नी अ‍ॅन हिची सात आणि दुसरी पत्नी अबाया फोल्गर हिची दहा. अ‍ॅनच्या मुलांत जोसेफ नावाचे दोन आहेत : पहिला जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेला, म्हणून पुढच्या मुलाला तेच नाव ठेवले, आणि तोही गेला. १६८९ च्या त्याच उन्हाळ्यात अ‍ॅनही गेली. त्या घरांत गेलेल्या मुलाचे नाव पुढच्याला देण्याची पद्धत होती, आणि ती ठाऊक नसेल तर दोघांची तारीख एकाच्या माथी बसते. आमच्या कुलवृत्तांतात आजोबांचे नाव नातवाला देण्याच्या प्रथेमुळे दोन गोविंद एकमेकांत मिसळून गेले होते आणि एक सबंध शाखा भलत्याच फांदीला लागली होती. ती सोडवायला आम्हाला दोन वर्षे लागली.

आता दुसऱ्या विधानाकडे येतो. बेंजामिनला दोन मुलगे आणि एक मुलगी. धाकटा मुलगा फ्रान्सिस १७३६ साली चौथ्या वर्षी देवीच्या साथीत गेला. थोरला विल्यम विवाहबाह्य संबंधातून झालेला; त्याच्या आईचे नाव बेंजामिनने कोठेही लिहून ठेवले नाही आणि आजवर ते कोणाला निश्चित सांगता आलेले नाही. विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला आणि स्वातंत्र्ययुद्धात राजाच्या बाजूने राहिला, त्यामुळे बापलेकांत कायमची फूट पडली. विल्यमचा मुलगा टेंपल १८२३ साली पॅरिसला वारला, आणि फ्रँकलिन हे आडनाव पुढे चालवणारा पुरुष वारस त्याच्यामागे उरला नाही. बेंजामिनचा वंश आज आहे तो मुख्यतः मुलगी सारा हिच्यामुळे, आणि ती बाश या घरात दिलेली होती. तेव्हा केवळ फ्रँकलिन आडनावावरून जो बेंजामिनशी थेट नाते सांगतो, त्याचा दावा मुळातच टिकत नाही. तो जोसायांच्या इतर मुलांकडून भाऊबंद असू शकेल. किंवा त्या घराण्याचा अजिबात नसेल, कारण फ्रँकलिन या शब्दाचा जुना अर्थच मुळी स्वतःच्या जमिनीचा मोकळा मालक असा आहे आणि ते आडनाव इंग्लंडात ठिकठिकाणी स्वतंत्रपणे पडले.

मुलींच्या बाजूने वंश शोधणे कठीण असते, असे लेखकाने म्हटले आहे आणि ते खरे आहे. म्हणूनच या घराण्यातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा कागद बेंजामिनचा नाही, त्याची धाकटी बहीण जेन हिचा आहे. तिचे पंधराव्या वर्षी लग्न झाले, बारा मुले झाली आणि त्यांतील अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेली. तिने हाताने शिवलेल्या एका छोट्या वहीत त्यांचे जन्म आणि मृत्यू एकाखाली एक लिहून ठेवले आणि वहीला वयांची वही असे नाव दिले. ज्या बाईला शाळा मिळाली नाही तिच्या हातची ही नोंद घटनेच्या वेळची आहे, जाणत्या व्यक्तीची आहे आणि तिच्यात कोणाला थोर दाखवण्याचा हेतू नाही. ही वही आज बोस्टन येथील १८४५ साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लंड ऐतिहासिक वंशावळी संस्थेत जपून ठेवलेली आहे. लेखात तिचा उल्लेख नव्हता, याचे मला वाईट वाटले.

आणखी एका माणसाचा उल्लेखही लेखात राहून गेला. एक्टनच्या भेटीचे वर्णन बेंजामिनने ६ सप्टेंबर १७५८ च्या पत्रात पत्नी डेबोरा हिला कळवले आहे. तेथील धर्मगुरूंच्या गप्पिष्ट वृद्ध पत्नीने त्यांना कबरस्थानात नेले. पूर्वजांचे दगड शेवाळाने इतके माखलेले होते की अक्षरे वाचता येईनात. तेव्हा त्या बाईंनी टणक ब्रश आणि पाण्याचे भांडे मागवले, पीटरने दगड घासून स्वच्छ केले आणि मग विल्यमने मजकूर उतरवून घेतला. हा पीटर बेंजामिनने अमेरिकेहून बरोबर आणलेला गुलाम होता. १७५७ च्या मृत्युपत्रात बेंजामिनने आपल्या मृत्यूनंतर पीटर आणि त्याची पत्नी जमायमा यांना मुक्त करावे असे लिहिले आहे, एवढ्यावरून त्याच्या बायकोचे नाव तरी आपल्याला मिळते. आडनाव नाही, आईबाप नाहीत, जन्मगाव नाही. फ्रँकलिनांची अक्षरे ज्याच्या हातांनी उजळली, त्याच्या वंशाचा शोध घेऊ पाहणाऱ्याला वसाहतकाळातील कागदांत फार तर मालकाची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या आणि विक्रीचे दस्त सापडतात. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची स्वतंत्र याद्यांत नोंद झाली ती मालकाच्या नावाखाली, वय, लिंग आणि रंग एवढ्याच तपशिलांनी; त्यांच्यातील बहुसंख्य लोक नावानिशी पहिल्यांदा दिसतात ते १८७० च्या शिरगणतीत. वसाहतकाळातील अमेरिकी घराण्यांची दप्तरे उत्तम राखलेली आहेत हे लेखकाचे म्हणणे न्यू इंग्लंड या ईशान्येकडील भागातल्या गोऱ्या, जमीनवाल्या कुटुंबांपुरते बरोबर आहे, आणि तेवढी मर्यादा घालून ते छापले जायला हवे होते.

ज्या वाचकांना किंवा त्यांच्या अमेरिकेत वाढणाऱ्या नातवंडांना हा विषय पुढे न्यायचा असेल त्यांच्यासाठी एक सूचना करतो. येल विद्यापीठाने १९५९ पासून छापलेल्या फ्रँकलिनच्या समग्र कागदपत्रांच्या पहिल्याच खंडात या घराण्याच्या वंशावळी दिलेल्या आहेत, आणि त्याची पत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तयार वंशवृक्ष उघडण्याआधी डेबोराला लिहिलेले ते पत्र वाचावे. त्याला फार तर अर्धा तास लागेल.

आपल्या पुढील अंकात जोसाया फ्रँकलिन यांचे जन्मसाल १६५७ असे दुरुस्त करावे, आणि वंशजांविषयीचे वाक्य मागे घ्यावे किंवा साराच्या शाखेचा उल्लेख करून सुधारावे, अशी विनंती आहे. आमच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीला आम्ही चार पानांचे शुद्धिपत्र जोडले होते आणि त्याबद्दल कोणी आम्हाला नावे ठेवली नाहीत.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे