सहा पृष्ठभागांची लेन्स

पुणे,
१४ जुलै

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. ज्युपिटर-३ मिळते आहे, घेऊ का, एवढंच तू विचारलंस. पण शेवटच्या दोन ओळींतला प्रश्न मोठा आहे. आजच्या पन्नास मिमी लेन्स कोपऱ्यापर्यंत केस न् केस मोजून देतात, मग सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या लेन्सनी टिपलेल्या चेहऱ्यांवरून नजर का हलत नाही? लोक त्याला जादू म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. तिथे जे दिसतं ते एका माणसाने एका विशिष्ट अडचणीत पूर्ण विचार करून घेतलेल्या निर्णयातून आलेलं आहे. तो निर्णय कळला की ती लेन्स जास्तच आवडायला लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणसाचं नाव लुडविग बेर्टेले, त्याच्या लेन्सचं नाव झोनार; तुझी ज्युपिटर-३ ही तिचीच सोव्हिएत आवृत्ती. बेर्टेलेचा जन्म १९०० सालचा. विशीत असतानाच तो ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत लेन्सची गणितं मांडायला लागला. त्या काळचं ते काम डोळ्यांसमोर आण. एक किरण घ्यायचा, तो प्रत्येक काचेवर किती वळेल ते लॉगॅरिदमच्या कोष्टकांवरून हाताने काढायचं; मग दुसरा किरण, मग तिसरा. एका वक्रतेत बदल केला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. अशा कामातून बेर्टेलेने एर्नोस्टार ही लेन्स काढली, आधी एफ/२ आणि पुढे एफ/१.८ (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाश घेणारं छिद्र मोठं). १९२४ च्या सुमारास ती एर्मानॉक्स नावाच्या छोट्या प्लेट कॅमेऱ्यावर आली. एरिख सालोमोनने त्याच कॅमेऱ्याने जर्मन न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या बैठकांत शिरून, फ्लॅशशिवाय, खोलीतल्या दिव्यांच्या उजेडात फोटो काढले. मान खाली घालून बसलेले थकलेले मंत्री लोकांनी तेव्हा प्रथम पाहिले. या सालोमोनला पुढे नाझींनी आउशविट्झमध्ये मारलं, १९४४ मध्ये. त्याचे फोटो पाहताना मला दर वेळी ते आठवतं.

एर्नेमान १९२६ मध्ये त्साइस इकॉनमध्ये विलीन झाली. नव्या कंपनीला लायकाच्या तोडीचा ३५ मिमी कॅमेरा हवा होता. तो कॉन्टॅक्स, १९३२ चा. त्यासाठी बेर्टेलेने ज्या लेन्स दिल्या त्या झोनार: ५ सेंमी एफ/२ आणि ५ सेंमी एफ/१.५. तेव्हा लायकाची नेहमीची लेन्स एल्मार एफ/३.५ होती. एफ/१.५ म्हणजे तिच्या जवळजवळ साडेपाच पट प्रकाश. फिल्म इतकी मंद असायची की घरातला फोटो जमणार की नाही ते यावर ठरत असे.

आता मुख्य अडचण. काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ ते ५ टक्के प्रकाश परत फिरतो. आज कोटिंगमुळे, म्हणजे काचेवरच्या परावर्तन रोखणाऱ्या पातळ थरामुळे, आपल्याला हे जाणवतही नाही. पण १९३२ मध्ये कोटिंग नव्हतंच. मोठ्या छिद्राच्या लेन्ससाठी दुसरा रस्ता उपलब्ध होता, डबल गाउस नावाच्या रचनेचा. त्याची सुरुवात पाउल रुडोल्फच्या १८९६ च्या प्लॅनारपासून होते, आणि इंग्लंडमध्ये टेलर हॉब्सनच्या होरेस लीने १९२० मध्ये त्यातून एफ/२ काढून दाखवली होती. कागदावर ती रचना उत्तम. पण एफ/१.५ पर्यंत नेताना तिच्यात काचेचे पाच गट होतात (एकटी काच किंवा एकमेकींना चिकटवलेल्या काचा म्हणजे एक गट), म्हणजे हवेला भिडणारे दहा पृष्ठभाग. पाच टक्क्यांचा हिशोब धरलास तर जवळजवळ ४० टक्के प्रकाश वाटेतच जातो.

नुसता जातो, एवढ्यावरही भागत नाही. एका पृष्ठभागावरून उलटलेला प्रकाश दुसऱ्यावर आपटून पुन्हा फिल्मकडे वळतो आणि काळ्या जागांवर राखाडी पडदा पसरवतो. दहा पृष्ठभागांत अशा जोड्या किती? पंचेचाळीस. सहा पृष्ठभागांत फक्त पंधरा. हे दोन आकडे मी प्रथम मांडून पाहिले तेव्हा मला झोनार उलगडली असं वाटलं.

कारण बेर्टेलेने नेमके सहाच पृष्ठभाग ठेवले. मूळ सांगाडा डेनिस टेलरच्या १८९३ च्या कुक ट्रिप्लेटचा: तीन भिंगं, मध्ये हवा. एर्नोस्टारमध्ये त्याने पुढच्या बाजूला प्रकाश गोळा करणारं आणखी भिंग घातलं, पण त्यामुळे हवेची एक फट वाढली. झोनारमध्ये त्याने ती फट कमी वक्रीभवनाच्या काचेने भरून टाकली आणि दोन्हीकडची भिंगं तिला चिकटवली. त्यामुळे मधला गट तीन काचांचा एकसंध गोळा झाला. एफ/१.५ मध्ये मागचा गटही तसाच तीन काचांचा आहे. एकूण सात काचा, पण गट तीनच. प्रकाशाचं नुकसान चाळीसवरून सव्वीस टक्क्यांच्या आसपास आलं आणि काळा रंग काळा राहिला. हे तीन काचांचे गट बनवणं महाग आणि किचकट होतं. चिकटवायच्या पृष्ठभागांच्या वक्रता खोल, त्या एकमेकींत तंतोतंत बसायला हव्यात. तरी त्याने तेच निवडलं.

पण लेन्समध्ये फुकट काही मिळत नाही. हवेच्या फटी म्हणजे दोष सुधारायच्या जागा. फटी कमी केल्या की दोष आवरायचे मार्गही कमी होतात. झोनारमध्ये गोलीय विपथन पुरतं आवरलेलं नाही: भिंगाच्या कडेने आलेले किरण मधल्या किरणांच्या थोडे अलीकडे भेटतात. म्हणून छिद्र पूर्ण उघडं असताना रेखीव चित्रावर प्रकाशाचा पातळ थर राहतो. माझ्या आईचा खिडकीपाशी बसलेला फोटो तुझ्याकडे आहे ना, त्यात तिच्या पांढऱ्या केसांभोवती जी आभा आहे ती हीच. आणि फोकसच्या मागचं सगळं जे मऊ होत जातं, कडा न टोचता, तेही याच दोषाचं देणं. हा दोष उलट दिशेने जास्त दुरुस्त केला की मागच्या प्रत्येक ठिपक्याला उजळ किनार येते आणि पार्श्वभूमी खवखवते. त्या काळच्या कितीतरी वेगवान डबल गाउस लेन्समध्ये ते दिसतं.

तेव्हा मला झोनारचा स्वभाव दोन गोष्टींच्या भेटीत दिसतो. कमी पृष्ठभागांमुळे आलेला खोल काळा आणि स्वच्छ कॉन्ट्रास्ट, आणि त्यावर अर्धवट दुरुस्त दोषाची मऊ साय. दुसऱ्या कुठल्या रचनेत ही जोडी इतकी एकत्र नांदत नाही. नुसती मऊ लेन्स हवी असेल तर ढीगभर आहेत; त्यांचं चित्र मळकट असतं. लायकाचंच उदाहरण घे. लायका बनवणाऱ्या लाइट्झने १९३६ मध्ये झेनॉन एफ/१.५ आणली, श्नायडर कंपनीची रचना, डबल गाउस घराण्यातली, कोटिंगशिवाय. खिडकी चित्रात आली की ती फिकट पडते. तिचीच पुढची पिढी समारिट, १९४९ ची, कोटिंग घेऊन आली आणि बरीच सुधारली, पण दिव्यासमोर ती आजही विरघळते.

हे सगळं रेंजफाइंडरमध्येच, म्हणजे लायका-कॉन्टॅक्ससारख्या कॅमेऱ्यांतच, का घडू शकलं, तेही सांगतो. झोनारचा मागचा गट फिल्मच्या खूप जवळ जातो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात मध्ये आरसा नाही, त्यामुळे काच हवी तेवढी आत घुसवता येते. एसएलआर, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधूनच पाहायचे कॅमेरे, आल्यावर आरशाला जागा द्यावी लागली आणि पन्नास मिमीची झोनार तिथे बसेनाच. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि त्यानंतर हा वंश पन्नास मिमीसारख्या लहान फोकल लेंग्थमधून हळूहळू मागे पडला. दुसरं कारण कोटिंग. येनाच्या त्साइसमध्ये अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, आणि युद्धानंतर ते सगळीकडे पसरलं. दहा पृष्ठभागांची भीतीच उरली नाही. डबल गाउस कोपऱ्यांत जास्त चांगली, बनवायला सोपी. तिचा विजय रास्तच होता. बेर्टेलेने ज्या प्रश्नाचं उत्तर शोधलं तो प्रश्नच संपला, पण उत्तर इतकं चांगलं होतं की ते टिकून राहिलं.

जपानचा भाग थोडक्यात. निप्पॉन कोगाकूच्या (आजच्या निकॉनच्या) पहिल्या वेगवान निक्कोर लेन्स याच घराण्यातल्या: ५ सेंमी एफ/१.५, आणि लगेच १९५० मध्ये एफ/१.४. त्याच वर्षी जूनमध्ये 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जुन मिकी या तरुण छायाचित्रकाराने ८.५ सेंमी एफ/२ निक्कोरने, अपुऱ्या उजेडात, त्याचाच फोटो काढला. प्रिंट पाहून डंकन थेट कारखान्यात गेला आणि त्या लेन्स घेऊन कोरियाच्या युद्धावर गेला. जपानी काचेचं नाव अमेरिकेत झालं ते तिथून. ती ८.५ सेंमीसुद्धा झोनार वंशातलीच.

त्यानंतर मात्र आणखी मोठ्या छिद्राची शर्यत लागली. १९५३ मध्ये झुनोव एफ/१.१, पुढच्या वर्षी फुजिनॉन एफ/१.२, १९५६ मध्ये निक्कोर एफ/१.१ आणि कॅनन एफ/१.२, आणि १९६१ मध्ये कॅनन एफ/०.९५. या शेवटच्या लेन्सची मागची काच इतकी मोठी आहे की रेंजफाइंडरच्या दांडीला जागा करायला ती वरच्या बाजूने कापावी लागली. कारागिरी म्हणून मी तिला नमस्कार करतो. पण चित्र म्हणून ती मला दमवते. प्रत्येक फोटोत लेन्स आधी दिसते, माणूस नंतर. कॅनडातल्या मिडलंडला वॉल्टर मांडलरने १९७० च्या दशकात लायकासाठी नॉक्टिलक्स एफ/१ केली, तिच्यात मात्र संयम आहे. ती आपल्या खिशाबाहेरची, तेव्हा तो विषय सोडू.

आता तुझी ज्युपिटर-३. युद्धानंतर सोव्हिएत लोकांनी कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री जर्मनीतून उचलून नेली. त्यातून कीव कॅमेरा झाला आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये झोनार बनू लागल्या, सुरुवातीच्या तर जर्मन काच वापरून. एफ/१.५ पुढे ज्युपिटर-३ झाली, एफ/२ ज्युपिटर-८. म्हणजे तुला मिळते आहे ती बेर्टेलेचीच गणितं आहेत, वर कोटिंगसकट. त्या कोटिंगमुळे मुळातच कमी असलेलं परावर्तन आणखी घटलं आहे. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा साल सांगतात. पन्नासच्या दशकातली असेल तर मला जास्त विश्वास वाटेल.

घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च मागून लावून आत पाहा. काठाला इंद्रधनुषी डाग किंवा चकाकणारं वर्तुळ दिसलं तर चिकटवण उसवते आहे. अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी सोडून दे. तीन काचांचा गट उघडून पुन्हा चिकटवणारा कारागीर सापडणं फार कठीण. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. बारीक ओरखडे असतील तर घाबरू नकोस, जुनं कोटिंग मऊ असतं आणि कोणीतरी शर्टाच्या टोकाने पुसलेलं असतं. चित्रावर त्याचा परिणाम फार होत नाही. पण रत्नागिरीत पावसाळ्याचे चार महिने तिला चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नकोस. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि आठवड्यातून एकदा वापरायचीच.

फोकसची एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. छिद्र लहान केलं की कडेचे किरण अडतात आणि फोकस थोडा मागे सरकतो. एफ/१.५ वर डोळ्यावर ठेवलास तर एफ/२.८ वर तो कानाकडे गेलेला असेल. एफ/५.६ च्या पुढे गेलं की काळजी नाही, चित्राची खोली ते सांभाळून घेते. तू आरसा नसलेल्या डिजिटल (मिररलेस) कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून वापरणार आहेस, म्हणून ज्या छिद्रावर फोटो काढायचा त्याच छिद्रावर फोकस कर. पुढेमागे लायका बॉडी घेतलीस आणि जवळचे फोटो चुकायला लागले, तर दोष तुझ्या डोळ्यांचा समजू नकोस. लेन्सचा फोकस रेंजफाइंडरला कळवणाऱ्या कॅमचं प्रमाण कॉन्टॅक्सचं आणि लायकाचं वेगळं होतं आणि सोव्हिएत लेन्स पहिल्याच्या वाटेने गेल्या. जाणकार माणूस पातळ चकती घालून ते जुळवून देतो.

पहिल्या दिवशी समुद्राचे फोटो काढू नकोस. संध्याकाळी ओटीवर दिवा लाव, वहिनींना किंवा अण्णांना बसव, दीड-दोन हातांऐवजी जरा लांब, मीटर-सव्वा मीटरवर राहा, छिद्र पूर्ण उघड, आणि मागे माजघराचा अंधार येऊ दे. झोनार त्या अंधाराचं काय करते ते बघ.

लेन्स घेतलीस की क्रमांक कळव. आणि अण्णांचा फोटो निघाला तर त्याची प्रिंट पाठव, स्क्रीनवर नको. वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर