शेगडी बसवायला आलेल्या दादांना, भांड्यांबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

शेगडीची जोडणी झाली, कागदावर सही झाली, तेव्हाच तुमचं काम संपलं होतं. मी आपलं सहज विचारलं, "आता इंडक्शनच्या भांड्यांचा सेट कुठला घेऊ?" आणि तुम्ही खांद्याला लावलेली पिशवी परत खाली ठेवलीत. म्हणालात, "सेटचं नंतर बघू. आधी घरात काय आहे ते काढा."

फोनवर आभार मानले तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितोय. नाव घालायचं नाही म्हणालात, तेवढं ऐकतो. पण ओळखीत कुणी नवी इंडक्शन शेगडी घेतली की मी तुमचंच ज्ञान माझं म्हणून खपवत असतो. ते कुणाचं आहे हे कधीतरी सांगून टाकायला हवं होतं.

भांडं इंडक्शनवर चालेल का हे चुंबक लावून बघायचं, हे तर आता सगळ्यांनाच माहीत असतं. ते वाचायचं कसं, हे तुम्ही दाखवलंत. स्टीलचं एक जाड, चकचकीत पातेलं उपडं केलंत. बुडाच्या मध्यावर चुंबक टेकवलं तर ते घसरून खाली पडलं. तेच बूड जिथे वळून भिंत सुरू होते त्या वळणावर मात्र अलगद धरून राहिलं. मी खूश झालो, तर तुम्ही मान हलवलीत. "कडेला लागलं त्याचा उपयोग नाही. पत्रा साच्यात दाबताना वळणावर ताणला जातो, त्याची आतली रचना बदलते आणि तिथे थोडी ओढ येते. शेगडीला मधला भाग लागतो." मग दुसरं पातेलं घेतलंत, हलकं, जरा मळकट दिसणारं. त्याच्या बुडाला चुंबक खट्कन बसलं.

त्यावरून निघालेली गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. ज्या स्टीलवर १८/८ किंवा १८/१० लिहिलेलं असतं त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ किंवा १० टक्के निकेल असतं. निकेलमुळे ते महाग होतं, आणि निकेलमुळेच त्याला चुंबक लागत नाही. ४३० नंबरच्या स्टीलमध्ये निकेल जवळपास नसतंच. ते स्वस्त असतं आणि चुंबकाला घट्ट धरतं. म्हणजे नुसत्या एकेरी पत्र्याची दोन भांडी शेजारी ठेवली तर महाग स्टील नापास आणि स्वस्त स्टील पास. दुकानात हे कुणी सांगत नाही. तिथे १८/१० चा शिक्का कौतुकाने दाखवतात, आणि तो शिक्का भांड्याच्या आतल्या बाजूबद्दल आहे की बुडाबद्दल, हे आपण विचारतही नाही.

ॲल्युमिनियम का चालत नाही, हेही मी विचारलं. काचेखाली तांब्याच्या तारेची कॉइल असते आणि तिच्यातल्या विजेची दिशा सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होत असते. त्याने भांड्याच्या बुडातच वीज गरगरायला लागते. बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते हा फॅरेडेचा शोध आणि १८३१ हे साल आम्ही शाळेत घोकलं होतं, पण त्याचा पातेल्याशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. चुंबक धरणाऱ्या लोखंडात ही वीज बुडाच्या अगदी खालच्या, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या किंवा त्याहूनही पातळ थरात कोंबली जाते. वाट अरुंद, अडथळा जास्त, म्हणून तापतं. ॲल्युमिनियममध्ये तो थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि वीज त्यातून सुखाने वाहते. त्यात तापण्यासारखं फारसं काही होत नाही, मग शेगडी भांडं नसल्यासारखी बंद पडते.

पुढे तुम्ही जे म्हणालात त्यावर माझी सगळी खरेदी झाली. "वीज पकडायला बुडाखाली लोखंडाचा पातळ पत्रा पुरतो. ते काम स्वस्तात होतं. उष्णता पसरवायला जाडी लागते, आणि पैसे मोजायचे असतील तर त्या जाडीचे मोजा."

आणि लगेच करूनही दाखवलंत. तो हलका टोप घेतला, तळ जेमतेम झाकेल इतकं पाणी घातलं आणि शेगडी मोठी केली. काही सेकंदांत बारीक बुडबुडे उठले, पण गोल कड्यासारखे. कड्याच्या आत पाणी शांत, बाहेरही शांत. जणू कॉइलचा छापच पाण्यावर उमटला होता. स्टील उष्णता फार वाईट वाहून नेतं, ॲल्युमिनियमच्या साधारण दहाव्या-पंधराव्या हिश्शाने. म्हणून वीज जिथे गरगरते तिथेच ते तापतं आणि तिथेच पदार्थ करपतो. तुम्ही टोप उचलून मला म्हणालात, "हा टाकू नका हं. नुसतं पाणी उकळायला याच्याइतकं चांगलं भांडं नाही. पाणी स्वतःच फिरतं, त्याला जाडी कशाला?"

तेव्हापासून मी दुकानात वेगळं बघतो. आत चांगलं स्टील, मध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती आणि खाली चुंबक धरणारा पत्रा, असं सँडविच बूड असलेलं पातेलं रोजच्या वापराला पुरतं. थेट काठापर्यंत तिन्ही थर असलेलं ट्रायप्लाय भांडं सुरेख असतं, पण पातळ पदार्थाच्या पातेल्यात भिंतींना तो थाट नको. परतायच्या पसरट भांड्यात किंवा सपाट बुडाच्या कढईत पदार्थ कडेपर्यंत चढतो, तिथे त्याचे पैसे वसूल होतात, आणि तेही एकाच भांड्यापुरते. तव्याला तर साधं सपाट लोखंड बास. सेटचं म्हणाल तर मी खोक्यावरची यादी वाचली. झाकणंसुद्धा नगांत मोजलेली होती, आणि दोन भांड्यांची बुडं इतकी लहान की शेगडीने ओळखली असती की नाही याचीच शंका.

हेही तुमच्याचमुळे लक्षात आलं. खोक्यावर लिहिलेले सेंटिमीटर बहुतेक वेळा भांड्याच्या तोंडाचे असतात, शेगडीला बूड मोजायचं असतं. दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा लहान बूड बऱ्याच शेगड्यांना दिसतच नाही. त्यामुळे दूध तापवायचं छोटं भांडं घेताना मी खिशातून पट्टी काढतो, आणि दुकानदार माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतो.

तीच पट्टी आडवी धरून बुडाचा सपाटपणाही बघतो. गार असताना मध्ये किंचित आत गेलेलं चालतं, कारण तापल्यावर धातू पसरतो आणि बूड सरळ होतं. बाहेर फुगलेलं मात्र नको. ते काचेवर भिंगरीसारखं फिरतं, आणि आत गेलेलं असो की फुगलेलं, प्रमाणाबाहेर वाकलेल्या बुडाखाली काचेमागच्या सेन्सरला खरं तापमान कळत नाही.

नॉनस्टिकच्या बाबतीत तुम्ही जरा कडकच बोललात, आणि बरं झालं. स्वस्त ॲल्युमिनियमच्या पॅनखाली भोकाभोकांची स्टीलची जाळी दाबून बसवतात आणि वर इंडक्शनचं चिन्ह छापतात. चुंबक लागतं, पण जेवढी भोकं तेवढं लोखंड कमी. अशी पॅन एका शेगडीवर चालते, दुसरीवर रडते. अखंड चकती असेल तरच घ्या म्हणालात. रिकामी पॅन एकदम पूर्ण ताकदीवर ठेवायची नाही, हेही बजावलंत. इंडक्शनवर ती बघता बघता २६० अंशांच्या पुढे जाते, तिथून लेप बिघडायला लागतो, आणि पातळ बूड वाकतं ते वेगळंच.

जुनी ॲल्युमिनियमची भांडी वापरायला मधे ठेवायची लोखंडी प्लेट मिळते, तीही घेऊ दिली नाहीत. आधी प्लेट तापणार, मग भांडं, आणि मधल्या मधे सगळी उष्णता काचेवर. मग इंडक्शन घेतलं कशाला? ॲल्युमिनियमचा कुकर तेवढा बदलावा लागला. त्याला इलाज नव्हता.

जाड बुडाचा आणखी एक फायदा मला वापरताना कळला. मंद आचेवर माझी शेगडी सलग मंद चालत नाही, चालू-बंद होत राहते. पातळ भांड्यात ते लगेच दिसतं, दूध उसळतं, बसतं, परत उसळतं. जाड बूड मधल्या वेळात उष्णता धरून ठेवतं. नव्या पातेल्यातून मोठ्या आचेवर घूंऽऽ असा आवाज येतो तेव्हा घरातले दचकतात. थर थरथरतात, भांडं चांगलं आहे, असं मी त्यांना तुमच्याच सुरात सांगतो.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. ओतीव लोखंडाचं भांडं काचेवर नको म्हणाला होतात. मी घेतलं. जड आहे, तापायला वेळ घेतं, मान्य. पण मध्यम आचेवर सावकाश तापवलं की त्याच्यासारखं खमंग दुसऱ्या कशात होत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या वस्तूला मी महाग म्हणत नाही. उचलूनच ठेवतो, ओढत नाही. काचेला अजून चरा नाही. पुढच्या वेळी आलात की तपासा.

तुम्ही त्या दिवशी एखाद्या सेटचं नाव सांगून निघून गेला असतात तरी मी धन्यवादच म्हटलं असतं आणि तो विकत घेतला असता. त्याऐवजी ओट्यावर उपड्या भांड्यांची रांग लावून बसलात, आणि माझ्या एकाही प्रश्नाला हसला नाहीत. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून नीट सुचलेलं नाही, म्हणून जमलं तसं लिहिलं.

एक विचारायचं राहिलंच. काचेवर आखलेल्या गोलापेक्षा बरंच मोठं बूड असलेलं भांडं रोज वापरलं तर चालेल का? सवडीने फोन करतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वरच्या मजल्यावरचा, पट्टी घेऊन फिरणारा